खालच्या मजल्यावरच्या काकूंना, थंडी संपायच्या आत

काकू, हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, सून वाचून दाखवेल तेव्हा ऐकाल, पण समोर येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषयच बदलता त्यामुळे इथे सगळ्यांदेखत लिहितेय, आता बदला विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या बिल्डिंगमध्ये खाली राहतात या काकू, आयुष्यभर घरी बसून ब्लाउज-फ्रॉक शिवून दिले आणि विणकाम तर असं की गप्पा मारताना हाताकडे बघतसुद्धा नाहीत. आणि मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला, सकाळचे डबे, पोराचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, आणि दिवाळीचा फराळ संपला की हात शिवशिवायला लागतात. नवरा म्हणतो शरणपूर रोडला तिबेटियन मार्केटमध्ये रेडिमेड स्वेटर मिळतो ना, मग कशाला एवढा खटाटोप. मिळतो की. पण हौसेला काय उत्तर असतं?

तर काकूंनी मला काय दिलं, तर वेळ. म्हणजे असलेलाच वेळ, पण नीट बेतून. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "विणकाम फुटकळ वेळेचं आणि मशीन सलग वेळेचं, दोन्हीला एकाच रिकाम्या दुपारची वाट बघायला लावू नकोस, ती दुपार काही येत नसते." तेव्हापासून सुया पर्समध्ये आणि मशीनला शनिवार. आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी आणि पोराची शाळा असते त्या दिवशी, म्हणजे सकाळचे तीन-साडेतीन तास घर माझं!! शुक्रवारी रात्री कापड बेतून ठेवायचं, बॉबिन भरून ठेवायच्या, एका रंगाच्या दोऱ्याची कामं एकत्र लावायची आणि शनिवारी फक्त शिवायचं. त्यातही आधी उसवलेलं, मग नवं, युनिफॉर्मची पँट आणि उशीचे अभ्रे झाल्याशिवाय नव्या कापडाला कात्री लावायची नाही हा काकूंचा नियम (यावर मी अजूनही कुरकुर करते, पण पाळते).

फुटकळ वेळेची तयारी पण त्यांनीच करून दिली. सिटीलिंकच्या बसमध्ये सीट मिळाली तरी लांब सुया शेजारणीच्या बरगडीत जातात, तर स्वतःची गोल सुई काढून दिली, दोन टोकं आणि मध्ये वायर, गोल न विणता त्यावर सरळ-परत असं सपाटही विणता येतं, वजन मांडीवर राहतं आणि गचका बसला तरी टाके घरंगळत नाहीत. आणि थांबायचं ते ओळ पूर्ण करूनच, स्टॉप आला तरी चार टाके उरलेत तर ते विणूनच उठायचं, कारण अर्ध्या ओळीत सोडलं की परत हातात घेताना सुलट चाललं होतं की उलट हेच कळत नाही. ओळींचा हिशोब कुठे ठेवायचा विचारलं तर मला त्यांच्या भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं, दुधाच्या चौकटीत "1 लि." आणि त्याखाली बारीक अक्षरात "पाठ 38", म्हणजे स्वेटरच्या पाठीच्या 38 ओळी झाल्या. बास. मी पण तेच करते आता, नवऱ्याने एकदा विचारलं की पाठ 52 म्हणजे कुणाची पाठ दुखतेय.

माझं माहेर निफाडकडचं. थंडी म्हटलं की पेपरात निफाडचा पारा येतो, तेव्हा नाशिककर कौतुकाने वाचतात पण आमच्या दादांना द्राक्षाचे मणी तडकायची धास्ती असते, पहाटे उठून बागेत शेकोट्या करा, ड्रिप चालू करा, कारण विहिरीच्या पाण्याने बागेत जरा ऊब राहते. त्यांच्यासाठी मी फुल स्वेटर घेणार होते करायला. काकूंनी दोनच प्रश्न विचारले, कधी घालणार आणि काय काम करताना. मग म्हणाल्या हाफ कर, बाह्या ओल्या होतात, काड्याकुड्यांत अडकतात, आणि नाहीतरी वरून जाड शर्ट घालतीलच, छाती-पाठ झाकली म्हणजे झालं. आणि बाह्यांचाच वेळ सगळ्यात जास्त जातो! चार पदरी लोकर, अंगाला 10 नंबरच्या सुया आणि बॉर्डरला 12, म्हणजे जरा बारीक, बॉर्डर घट्ट बसते. लोकर सगळी एकदम आणायला लावली, प्रत्येक गुंड्याच्या पट्टीवरचा लॉट नंबर तपासून, कारण शेड तोच असला तरी लॉट बदलला की उन्हात पट्टा दिसतो. डिसेंबर संपायच्या आत स्वेटर दादांच्या अंगावर होता, अजून धुवायला काढून देत नाहीत असं आई म्हणते.

पण खरे आभार बोरन्हाणाचे. नणंदेच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण, काळं झबलं आणि काळं टोपडं माझ्याकडे, आणि नेमकं ऑफिसात तिमाहीचं काम, जीएसटीचे रिटर्न, सगळं जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. मी रडकुंडीला येऊन खाली गेले. काकू शांतपणे म्हणाल्या, "संक्रांतीलाच कुणी सांगितलंय? रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, नणंदेला फोन लाव." अहो खरंच की!! हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं हे मला माहीत होतं, लहानपणापासून, पण डोक्यात 14 जानेवारीच फिट बसलेली. नणंद पण खूश, तिलाही हलव्याचे दागिने आणायचेच होते. वर काकूंनी अजून एक सांगितलं जे कुठल्याच क्लासमध्ये ऐकलं नव्हतं, काळं दिवसा आणि पांढरं रात्री. ट्यूबलाइटमध्ये काळ्या लोकरीचा टाका दिसतच नाही, डोळे फुटतात, साडेसहाला तर अंधार पडतो, मग रात्रीसाठी सुईवर काहीतरी फिकट रंगाचं ठेवायचं. म्हणून टोपडं लंच टाइमला कंपनीच्या गेटजवळच्या उन्हात आणि रात्री बाळाचे पांढरे मोजे, दोन्ही झालं. बोटं थंडीत फुटतात आणि लोकर त्या भेगांत अडकते, त्यावर त्यांचं औषध म्हणजे झोपताना खोबरेल, विणायच्या आधी अजिबात नाही, डाग पडतात.

आणि हो, सोसायटीतल्या "मला पण एक करून दे ना" वाल्यांना काय उत्तर द्यायचं तेही शिकवलंत. लोकर आणून द्या, पुढच्या थंडीत देईन. निम्म्या जणी लोकर आणतच नाहीत.

तर काकू, थँक्यू, मनापासून. तुमची गोल सुई अजून माझ्याकडेच आहे आणि एवढ्यात मिळणार नाही, तिच्यावर सासूबाईंची शाल चाललीये. झबलं बोरं-चुरमुरे झेलून परत आलंय, एक बटण तुटलंय, काज पण सैल झालंय जरा. शनिवारी आणते खाली, काज तुम्हीच करा, तुमच्यासारखं मला जमत नाही. चहा मी करेन.