त्या पेटीतला काड्यांचा कचरा

प्रिय आई-बाबा,

व्हिडिओ कॉलवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई मध्येच "जेवलीस का" विचारते, त्यामुळे पक्ष्याचा विषय दर वेळी अर्धाच राहतो. म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगा.

बाबा, तुम्ही म्हणालात ना की आमच्या घरामागच्या झाडावरच्या पक्ष्यांच्या पेटीत नुसत्या काड्या कोंबल्यात, कचरा झालाय, काढून टाक. अहो तो कचरा नाहीये, ते घरटं आहे! म्हणजे अर्धवट घरटं. हाऊस रेन म्हणून पक्षी आहे, आपल्याकडच्या शिंपी पक्ष्याएवढाच, शेपटी तशीच वर करून फिरतो, रंगाने मातकट, वजन फार तर 10-12 ग्रॅम, पण आवाज असा की सकाळी गजर लावायची गरज नाही. थंडीत दक्षिणेकडे जातात आणि एप्रिलच्या शेवटाला इकडे अमेरिकेत, आमच्या ओहायो राज्यात परत येतात. आधी नर येतो. आला की जिथे म्हणून भोक दिसेल तिथे काड्या भरायला सुरुवात, एकेका ठिकाणी शेकडो काड्या. आमच्याकडे झाडावरची पेटी भरली, मग गॅरेजजवळची भरली, मग तुमच्या जावयांचा बाहेर लटकवलेला जुना बूट पण भरला. लांब काडी भोकात आडवी अडकते, मग तो ती फिरवून फिरवून टोकाकडून आत घालतो. बघत बसलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.

मग मादी येते. ती एकेक जागा आत जाऊन बघते, हा बाहेर फांदीवर बसून गातोय, पंख थरथरवतोय, आणि बाईसाहेब पसंत नाही म्हणून निघूनही जातात. शेवटी एक जागा पसंत पडते, तिथे ती स्वतः गवत, पिसं, केस आणून आतली वाटी करते. बाकीची घरटी तशीच पडून.

आई, तू विचारलंस ना की मग बाकीची बांधतो कशाला, एवढे कष्ट वाया? यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. कोण म्हणतं मादीला चार जागा दाखवायच्या म्हणून, कोण म्हणतं शिकाऱ्याला चकवायला, कोण म्हणतं दुसऱ्या पक्ष्याने जागा घेऊ नये म्हणून आधीच काड्या घालून ठेवायच्या. मला विचारशील तर हे तिसरंच खरं वाटतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना तसं. शिवाय काही नर उरलेल्या घरट्यात दुसरी मादीसुद्धा आणतात हं.

आणि हे इथलंच काही विचित्र आहे असं नाही. आपल्या सुगरणीत पण नरच विणतो, अर्ध्यावर आणून ठेवतो, मादी येऊन तपासते, नाही आवडलं तर ते तसंच लटकत ठेवून दुसरं सुरू. सिन्नरला मामाच्या विहिरीवर ती अर्धी घरटी असायची आणि आम्ही पोरं म्हणायचो वाऱ्याने तुटली.

आता आमच्या ह्या गोंडस पाहुण्याची दुसरी बाजू. शेजारच्या आजींनी ब्लूबर्डसाठी पेटी लावलीये, निळ्या रंगाचा फार देखणा पक्षी. हा रेन दुसऱ्यांच्या घरट्यात घुसून अंड्यांना चोचीने भोकं पाडतो आणि बाहेर फेकतो. खात नाही, नुसती फोडतो! आजी त्याला शिव्या घालतात. हे भांडण जुनं आहे, इथल्याच आयोवा राज्यात अल्थिया शर्मन नावाच्या पक्षी अभ्यासक बाई होत्या, त्यांनी 1925 मध्ये लेख लिहून लोकांना ठणकावलं की रेनसाठी पेट्या लावणं बंद करा. तेव्हा केवढा वाद झाला. मला रागही येतो आणि कौतुकही वाटतं, काय करणार, घरट्यासाठी झाडात पोकळ्या कमी आणि गिऱ्हाइकं जास्त.

आईला आवडेल अशी एक गॉसिप. आमच्यापासून जवळच, क्लीव्हलँड शहराच्या पूर्वेला गेट्स मिल्स म्हणून गाव आहे, तिथे प्रेंटिस बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी शंभर वर्षांपूर्वी ह्याच रेन पक्ष्यांना पकडून, कोण कुठला ते ओळखायला, पायात कड्या घातल्या. त्यातून कळलं की पहिली पिल्लं उडाली की बरेचदा जोड्या बदलतात, एकाच उन्हाळ्यात नवीन नवरा, नवीन बायको. तोवर लोक समजत होते की एकदा जमलेला जोडा तसाच राहतो.

बाबा, तुम्ही नाशकात चिमण्यांसाठी एवढ्या हौसेने पेट्या लावता, तुम्हाला ऐकून वाईट वाटेल. इथे चिमणी बाहेरून आलेली, युरोपातून आणून सोडलेली, ती ब्लूबर्डच्या पेट्या बळकावते म्हणून लोक तिची घरटी काढून टाकतात. 1918 चा कायदा आहे पक्ष्यांच्या संरक्षणाचा, त्यात रेन येतो, ब्लूबर्ड येतो, चिमणी नाही. रेनसाठी पेटीचं भोक साधारण 28 मिलिमीटर ठेवतात, त्यातून चिमणीला आत जाता येत नाही. हे तुम्ही तिकडे करू नका, तुमच्या पाहुण्याच उपाशी... म्हणजे बेघर राहतील.

सध्या मादी झाडावरच्या पेटीत अंड्यांवर बसलीये. साधारण 12-13 दिवस बसते, पिल्लं आल्यावर अजून दोन आठवड्यांच्या वर लागतात उडायला. घरट्यात कोळ्यांच्या अंड्यांच्या पिशव्या पण आणून ठेवतात, त्यातले कोळी बाहेर आले की घरट्यातले किडे खातात असं प्रयोगात दिसलंय. म्हणजे पेस्ट कंट्रोलची पण सोय. तोपर्यंत पेटीला हात लावायचा नाही असं मी पोराला बजावलंय, बूट मात्र जावई परत मागतायत.

बाबा, पाऊस सुरू झाल्यावर मामाकडे गेलात तर विहिरीवरच्या बाभळीकडे बघा, सुगरणीची घरटी अर्धी किती आणि पूर्ण नळीवाली किती, फोटो दादाच्या फोनवरून पाठवा. पण विहिरीच्या काठाशी एकट्याने जायचं नाही, मामाला बरोबर घ्या. आणि आई, गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आजच सांग.

तुमची,
सोनू