स्पेनमधल्या लिओनहून आई-बाबांना

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर बोलणं होतंच, पण लिहिलेलं आई पुन्हा पुन्हा वाचते, म्हणून हे पत्र. मी मजेत आहे. खोकला पूर्ण गेला. कामाचं, जेवणाखाणाचं तुम्हाला माहीतच आहे, ते परत लिहीत नाही.

बाबा, इथल्या कॅथेड्रलबद्दल, म्हणजे मोठ्या चर्चबद्दल, तुम्ही विचारलंत. तुमचा जन्म बांधकामाच्या साइटवर गेला, म्हणून तुम्हाला सांगायला मला फार आवडेल. काम १२५५ च्या सुमारास सुरू झालं, तेही रोमन काळातल्या स्नानगृहांच्या अवशेषांवर. नमुना फ्रान्सचा. भिंती जवळजवळ नाहीतच, सगळी रंगीत काच. सुमारे १८०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात एकोणीस हजार चौरस फुटांच्या वर! छताचं वजन बारीक खांबांवर येतं आणि त्याचा बाहेरचा रेटा दगडी कमानींचे टेकू पेलतात. उत्तरेच्या खिडक्यांत निळा रंग जास्त, दक्षिणेच्या तांबूस-पिवळ्या. दुपारी आत गेलं की फरशीवर, बाकांवर, माणसांच्या कपड्यांवर रंग पडलेले असतात. मी कामावरून येताना वाकडी वाट करून जाते.

पण दगड मऊ आणि पाया असा. १६३१ मध्ये मधल्या चौकावरचं छत कोसळलं. त्या जागी जड घुमट चढवला, त्याने दक्षिणेची बाजू ढकलली जाऊ लागली. १७५५ चा लिस्बनचा भूकंपही सोसला. एकोणिसाव्या शतकात घुमट उतरवायला घेतला, तर वजन निघाल्यावर उरलेलं बांधकामच हलायला लागलं. मग हुआन दे माद्रासो नावाच्या वास्तुविशारदाने वरच्या कमानींना खालून लाकडी सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधार, दिलं आणि नंतरच दगड बदलायला घेतले. काचा उतरवून ठेवल्या होत्या, त्याही दुरुस्त करून परत बसवल्या. कॅथेड्रल पुन्हा उघडलं ते १९०१ साली. माद्रासो १८८० मध्येच गेला, त्याला ते बघायला मिळालं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

१९६६ च्या मे महिन्यात वीज पडून लाकडी छप्पर पेटलं. तेव्हा दगडकामाच्या जाणकाराने सांगितलं, पाण्याचा मारा करू नका, दगड पाणी पिईल आणि भाराने खालच्या कमानी बसतील. छप्पर जळू दिलं. कमानी आणि काचा वाचल्या. बाबा, तुम्हीही हेच सांगितलं असतंत.

आई, आता फोटोतल्या ग्लासबद्दल. ती वाईन नाही. त्याला मोस्टो म्हणतात, द्राक्षाचा रस, नशा अजिबात नाही. इथल्या बारमध्ये पद्धत अशी की काहीही प्यायला मागितलं की खायला फुकट येतं. मागायचं नाही, बिलात लावत नाहीत. एका ठिकाणी लसणीचे बटाटे, दुसरीकडे लसणीचं सूप. लोक उभ्यानेच खातात, छोटा ग्लास संपवतात आणि पुढच्या बारमध्ये जातात, तिथे परत तेच. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. त्यामुळे ही वाईट जागा असं मनात आणू नकोस. मी मैत्रिणींबरोबर जाते आणि वेळेत घरी येते. मटणमासळी आहे का, हे विचारूनच खाते.

गच्चीच्या गळतीसाठी पैसे पाठवलेत, सोमवारपर्यंत खात्यात येतील. बाबा, पावसाआधी वॉटरप्रूफिंग उरकून घ्या आणि तुम्ही स्वतः परांचीवर चढू नका. पाठीचा एक्स-रे काढून घ्या, त्याचे वेगळे घातलेत. ते गच्चीत घालू नका. गणपतीला मला येता येणार नाही. रजा मिळतेय ती डिसेंबरची. मोदक करायला आईच्या मदतीला कुणी नसेल, हे मला कळतं. काकूंना आधीच बोलावून घ्या, मी त्यांना फोन करते.

कऱ्हाडच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा बरा वाटतो. पण माझा करार दीड वर्ष आहे आणि तो मला पूर्ण करायचाय. त्यांना हे आधीच स्पष्ट सांगा. चालत असेल तर त्याचा नंबर पाठवा, रविवारी मीच बोलेन.

तुमची,
मनू