मार्चमध्ये पाहिलेली टेकडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबक रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका टेकडीच्या माथ्यावर बंगल्यांची वसाहत उभारण्याचा प्रस्ताव आहे. टेकडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिच्यावरचे काही कंद इतके थोडे उरले आहेत, की नाव छापून आले तर पुढच्या पावसाळ्यात ते कोणाच्या तरी गच्चीवरच्या कुंड्यांत दिसतील. प्रस्तावासोबतचा वनस्पती आणि वन्यजीवांविषयीचा अहवाल मला ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसून वाचायला मिळाला. माथ्यावर तुरळक झुडपे व वाळलेले गवत असून दुर्मीळ किंवा संकटग्रस्त असे काहीही आढळले नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. पाहणीची तारीख मी दोनदा वाचली. पाहणी मार्चमध्ये झाली होती, आणि तीही तीन दिवसांत उरकली होती.

माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून झाली. मोजणी करताना लागवडीलायक क्षेत्र वेगळे आणि पोटखराबा वेगळा काढायचा, हे काम मी वर्षानुवर्षे केले. खडकाळ माथा दिसला की तो पोटखराब्यात जायचा. त्यात चूक नव्हती, कारण तेथे पीक येत नाही एवढेच त्या नोंदीने सांगायचे असते. पण सातबाऱ्यावर तो शब्द वाचून वाचून आपण सगळ्यांनीच, मी धरून, असे समजू लागलो की तेथे काहीच येत नाही. वर उल्लेखलेला अहवाल वाचताना मला माझेच जुने कागद आठवले.

मार्चची निवड अहवाल करणाऱ्यांनी लबाडीने केली असे माझे म्हणणे नाही. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण आघात मूल्यांकन करताना प्रचलित पद्धतच अशी आहे, की आधारभूत माहिती पावसाळा सोडून एका हंगामाची घ्यावी. हवेच्या बाबतीत ही पद्धत शहाणपणाची आहे. पावसात धूळ खाली बसते, मोजमाप फसवे चांगले येते, म्हणून कोरड्या दिवसांतली हवा मोजायची. मात्र हवेसाठी योग्य असलेले वेळापत्रक तसेच्या तसे वनस्पतींना लावले जाते, आणि सह्याद्रीच्या माथ्यांवर त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. येथील बहुतांश वनस्पती जूनमध्ये वर येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत फुलून बी धरतात आणि दिवाळीनंतर कंदाच्या किंवा बियांच्या रूपात जमिनीत जातात. मार्चमध्ये माथ्यावर उभे राहून येथे काही नाही असे म्हणणे हे उन्हाळ्याच्या सुटीत शाळेत जाऊन पटसंख्या शून्य लिहिण्यासारखे आहे.

तीच टेकडी ऑगस्टमध्ये कशी असते ते सांगतो. माथ्यावर बेसाल्टचा कातळ आहे आणि त्याच्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. कातळात तळहाताएवढे खोलगट भाग आहेत आणि पावसाचे पाणी त्यांत आठवडेच्या आठवडे साचून राहते. गेल्या वर्षी अशाच एका खळग्यापाशी गुडघे टेकून बसलो, तेव्हा पाण्याच्या कडेने सीतेच्या आसवांची जांभळी फुले दाटीने उभी होती. या वनस्पतीच्या मुळांशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकून तिचे पोषण होते, कारण कातळावरच्या मातीत नत्र जवळपास नसतेच. हातभर अंतरावर दवबिंदूचे रोप होते, नखाएवढ्या पानांचे. त्याच्या चिकट केसांवर एक चिलट अडकून अजून पाय हलवत होते. चष्मा पुसून पुन्हा पाहीपर्यंत पान किंचित वळलेले होते, निदान मला तरी तसे वाटले. डिसेंबरमध्ये मी त्याच जागी गेलो तर खळगा कोरडा होता आणि तळाशी काळी पापडी तेवढी उरली होती. त्या पापडीत पुढच्या वर्षीचे सगळे बी होते. जेसीबी फिरवायला मार्चमध्ये तेथे कोणालाच अडचण वाटणार नाही.

उताराच्या कडेला गवतात कंदीलपुष्प येते. त्याची वेल एरवी कोणाच्या नजरेत भरत नाही, पण फूल खरोखरच टांगलेल्या कंदिलासारखे असते. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत शिरलेली बारीक माशी केस कोमेजेपर्यंत अडकून पडते आणि सुटताना परागकण घेऊन जाते. याच कुळातील एक जात त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगरावर प्रथम नोंदवली गेली आणि तिच्या शास्त्रीय नावात अंजनेरीचे नाव आहे. त्या डोंगराला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आमच्या टेकडीवरचे कंदीलपुष्प अंजनेरीचे आहे असा माझा दावा नाही. ते ओळखायला फूल हाती धरून पाहणारा वनस्पतीतज्ज्ञ लागतो, आणि तो फुलाच्या दिवसांत वर चढावा लागतो, एवढेच माझे मागणे आहे.

प्राण्यांच्या बाबतीतही अहवालाची घडी तीच आहे. पाहणी दिवसा झाली, आणि त्यात मोर, ससा, मुंगूस व काही नेहमीचे पक्षी नोंदले गेले. येथे वावरणारे अर्धे प्राणी दिवसा दिसतच नाहीत. तरस, खोकड, साळिंदर, रानमांजर यांची नोंद घ्यायची तर वाटांवर आपोआप छायाचित्र टिपणारे ट्रॅप कॅमेरे काही आठवडे लावावे लागतात, विष्ठा आणि पायांचे ठसे पाहावे लागतात, कपारींमध्ये साळिंदराचे काटे शोधावे लागतात. बिबट्याचे तर बोलायलाच नको. नाशिककरांनी तो वसाहतींच्या वाहनतळात पाहिला आहे, मग टेकडीवर त्याची खूण कशी सापडली नाही याचे आश्चर्य वाटते. माथ्याच्या कड्यात हुमा घुबडाची बसायची जागा आहे. तेथे खाली पडलेल्या उलटीच्या गोळ्यांत उंदरांची हाडे सापडतात, ती पाहायला रात्रीसुद्धा जावे लागत नाही. टिटवी, चंडोल आणि धाविक उघड्या माळावरच अंडी घालतात, तीही दगडांच्या रंगाची. गुराखी पोरांना ती ठाऊक असतात म्हणून ती पाय जपून टाकतात. मोजणीच्या दिवसांत साखळी ओढताना मी स्वतः टिटवीचे एक घरटे तुडवणार होतो, तेव्हा शिपायाने ओरडून थांबवले होते.

गिधाडांचा उल्लेख अहवालात एका ओळीत आहे : आढळली नाहीत. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात आणि तेथून आकाशात चढणारे गिधाड अन्नाच्या शोधात कित्येक किलोमीटर फिरते. त्यामुळे घरटे नसलेल्या टेकडीशीही त्याचा संबंध असू शकतो. १९९० च्या दशकात या पक्ष्याची संख्या कोसळली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे हे घडल्याचे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. आता जी थोडी उरली आहेत ती हिवाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालतात. या काळात कोण कुठे बसते, कुठून घिरट्या घेते, हे दुर्बीण लावून काही दिवस पाहणे हा काही खर्चिक उद्योग नव्हे.

अहवालाच्या शेवटी भरपाई म्हणून मोठ्या प्रमाणावर वृक्षारोपण करून टेकडी हिरवी करण्याचे आश्वासन आहे. हे वाचून अनेकांचे समाधान होईल, माझे झाले नाही. गिरिपुष्प आणि निलगिरी लावून हिरव्या झालेल्या टेकड्या नाशिकच्या आसपास कमी नाहीत. खड्डे खणले की कातळावरची माती हलते, सावली पडली की उन्हात वाढणारे गवत जाते, गवत गेले की चंडोल जातो. ज्या जागेचा गुणच उघडेपणा आहे तेथे झाड हेही अतिक्रमण असते. वृक्षप्रेमी मंडळी माझ्यावर रागावतील याची मला कल्पना आहे. जेथे मुळात जंगल होते तेथे झाडे लावायला मी त्यांच्याबरोबर येईन.

यातील कायद्याची बाजूही वाचकांना माहीत असावी. २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामाला वर सांगितलेल्या २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते, पण बांधकाम आणि वसाहतींचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळलेले आहेत. म्हणजे खाणीसाठी गावकऱ्यांना म्हणणे मांडता येते, टेकडीवरच्या बंगल्यांसाठी नाही. त्यात अहवाल करणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्प उभारणाराच देतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की कागदावर काय दिसेल हे सांगायला मूल्यांकनाची गरज नाही. एक-पंचमांशाहून अधिक चढाच्या उतारावर बांधकामाला राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत मनाई आहे. म्हणूनच सपाट माथ्याकडे सगळ्यांचा डोळा असतो, आणि नेमका तोच सपाट भाग वनस्पतींच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो.

जनसुनावणी नसली तरी एक मार्ग उपलब्ध आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आमच्या गावची नोंदवही मी मागितली, तेव्हा कपाटाची किल्ली शोधण्यातच दुपार गेली. शेवटी मिळाली ती बहुतांशी कोरी. आणि पायथ्याच्या पाड्यावरच्या बाया मात्र शेवळं पहिल्या सरीनंतर नेमकी कोणत्या बांधावर उगवतात, कोणता कंद किती वेळा उकळून खायचा आणि कोणता अजिबात शिवायचा नाही, हे एका दमात सांगतात. टेकडीचा हंगामवार आराखडा त्यांच्या डोक्यात तयार आहे. तो कोणी लिहून घेतलेला नाही, इतकेच. पायथ्याच्या झिऱ्याला उन्हाळ्यात पाणी कधी आटते हेही त्यांना विचारावे, कारण माथ्यावर सिमेंट पडले तर त्याचा पहिला फटका त्यांच्या हंड्याला बसणार आहे.

तेव्हा राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाने आणि जिल्हा प्रशासनाने या प्रस्तावावर निर्णय घेण्यापूर्वी टेकडीची पाहणी निदान एक पूर्ण वर्ष करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. पहिल्या पावसानंतर बेडूक आणि कंद, श्रावण-भाद्रपदात फुले, दसऱ्याच्या सुमारास गवत, थंडीत शिकारी पक्षी आणि उन्हाळ्यात घरटी व पाणवठे, असा तिचा क्रम असावा. रात्रीची पाहणी व ट्रॅप कॅमेरे त्यात हवेत. पाहणी करणारे वनस्पती व प्राणितज्ज्ञ प्रकल्पकाराच्या पगारावर नसावेत, पाड्यावरच्या दोन-तीन जाणत्या व्यक्तींना मानधन देऊन सोबत घ्यावे, आणि अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. २०२७ च्या सिंहस्थामुळे सध्या शहरात सगळीकडे घाई आहे हे मान्य, पण बंगल्यांच्या या वसाहतीचा कुंभमेळ्याशी काही संबंध नाही.

ज्या कोणाला पाहणीसाठी यायचे असेल त्याला मी माथ्यावरचे खळगे, घुबडाचा कडा आणि कंदीलपुष्पाची जागा स्वतः दाखवीन. गुडघे आता कुरकुरतात, तेवढा वेळ धरावा. निघायचे मात्र पहाटे, कारण आठ वाजले की खालून धुके चढते आणि दहा फुटांवरचे दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक,
गंगापूर रोड, नाशिक