कॉट्सवोल्ड्‌समधले घारापुरीचे खांब

रेडिंग,
१६ जून

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडात पाहण्यासारखे काय, असे तू विचारले होतेस. एका जागेविषयीच लिहितो. गेल्या महिन्यात एका प्रवासी कंपनीच्या बसने टेकड्यांच्या प्रदेशाची, म्हणजे कॉट्सवोल्ड्‌सची एका दिवसाची सहल केली. तिथल्या बायबरी या खेड्यात चाळीस मिनिटे मिळाली. चौदाव्या शतकातल्या लोकरीच्या कोठाराची पुढे विणकरांसाठी घरे केली, ती आर्लिंग्टन रो नावाची मधाळ दगडाची ओळ डोळे भरून पाहावी, तोवर डोकी मोजायला सुरुवात झाली. म्हणून परवा एकट्यानेच रेल्वेने मोर्टन-इन-मार्श गाठले आणि तिथून सेझिनकोट नावाचे जुने घर पाहायला गेलो.

हे घर अजब आहे. डोक्यावर तांब्याचा हिरवट कांदेघुमट, खाली रुंद छज्जे, मोरपिसाऱ्यासारख्या कमानींच्या खिडक्या. आत पाऊल टाकावे तर सगळा थाट पक्का इंग्रजी. कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमारास ते बांधवले. वास्तुरचनाकार त्याचाच भाऊ, सॅम्युएल पेपिस कॉकरेल. १८०७ साली युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, येथे आला होता आणि ब्रायटनच्या त्याच्या प्रसिद्ध घुमटदार राजवाड्याचे बीज या भेटीत होते असे मानतात. घर ठरावीक दिवशीच आणि मार्गदर्शकासोबतच दाखवतात. आमच्या मार्गदर्शक बाई निवृत्त शिक्षिका असाव्यात, कारण मागे रेंगाळणाऱ्याला त्या नुसत्या नजरेनेच पुढे आणत.

पण मी गुंतलो तो बागेत. वर तळ्याकाठी सूर्याचे छोटे देऊळ आहे आणि तिथला ओढा उतरत एका पुलाखालून जातो. पुलाच्या कठड्यावर पाय दुमडून नंदी बसले आहेत; बाई त्यांना ‘ब्राह्मणी बैल’ म्हणत होत्या. पुलाखाली ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत गेलो, मान वर केली आणि थबकलो. ते आखूड, जाडजूड खांब मी कुठेतरी पाहिले होते! एवढ्यात बाईंनी सांगितले, की बागेच्या आखणीत थॉमस डॅनियल या चित्रकाराचा हात होता आणि हे खांब एलिफंटाच्या लेण्यांवरून घेतले आहेत. आम्ही त्याला घारापुरी म्हणतो, असे मी म्हणालो. त्यांनी दोनदा उच्चार करवून घेतला आणि वहीत लिहून ठेवला.

डॅनियल १७९३ साली मुंबईला येऊन ती लेणी पाहून गेला होता. कंपनी सरकारचा पुण्यातला वकील सर चार्ल्स मॅलेट १७९० साली पेशव्यांशी तह करतो आहे, ते पुणे दरबाराचे भव्य चित्रही त्याचेच. तेही जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून, कारण त्या दरबारात डॅनियल स्वतः नव्हता. गंमत म्हणजे घर आणि चित्र दोन्ही एकाच सुमाराची. बंगालच्या पैशावर कोकणातले खांब, आणि वर उत्तर हिंदुस्थानी घुमट! राग यावा की हसू, मला ठरवता आले नाही. पुलाखालच्या बाकावर मात्र बराच वेळ बसलो.

तू आलास की बसच्या फंदात पडायचे नाही, इथेच अख्खा दिवस काढू. तोवर एक काम कर. दहावीच्या सहलीत घारापुरीला खांबाला टेकून काढलेला आपला फोटो तुझ्याकडे आहे. त्यात आपल्या डोक्यांमागे खांबाचा वरचा भाग किती दिसतो ते बघून मला पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद