गोचीड तापाचे औषध लागू पडत नाही, तेव्हा उत्तर कोण देणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दुधाचे दर, पशुखाद्याच्या किमती आणि अनुदान यांविषयी वृत्तपत्रांतून सातत्याने लिहिले जाते आणि ते आवश्यकच आहे. परंतु गोचिडांमधून पसरणाऱ्या आणि संकरित गाईंना दरवर्षी गाठणाऱ्या गोचीड तापाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. या तापाचे रक्तातील परजीवी प्रयोगशाळेत वाढवून तपासण्याची सोय गावपातळीवरच्या पशुवैद्यकाच्या आवाक्यात नाही, याविषयी तर कोणीच बोलत नाही. फलटण परिसरात अनेक वर्षे जनावरांवर उपचार केलेला पशुवैद्यक म्हणून ही बाब आपल्यापुढे मांडत आहे.

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याची दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय मी पाहिली. ताप १०६ अंश फॅरनहाइट होता, खांद्यापुढची गाठ मुठीएवढी सुजली होती आणि पापणी उलटून पाहिली तर आतली बाजू पांढुरकी पडली होती. गाठीतील द्रव सुईने काढून काचपट्टीवर पसरला आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा पांढऱ्या पेशींमध्ये निळसर ठिपक्यांचे पुंजके स्पष्ट दिसले. गोचीड ताप आणणाऱ्या थायलेरिया ॲन्युलाटा या परजीवीची ही ओळखीची खूण आहे. दर किलो वजनामागे अडीच मिलिग्रॅम या प्रमाणात बुपारवाक्वोन हे त्यावरचे औषध दिले, दोन दिवसांनी पुन्हा दिले, तरी पाचव्या दिवशी गाय दगावली. घरच्या बाईंनी एवढेच विचारले, "डॉक्टर, इंजेक्शन चांगलं होतं ना?"

मला खात्रीने काही सांगता आले नाही. उपचाराला उशीर झाला असेल, औषधात काही दोष असेल किंवा तो परजीवीच या औषधाला दाद देत नसेल. ट्युनिशिया, इराण आणि सुदान या देशांत बुपारवाक्वोनला न जुमानणारा थायलेरिया आढळला आहे, त्यामुळे तिसरी शक्यता हवेतली मानता येत नाही. जनुकीय तपासणीतून त्याचा सुगावा लागू शकतो. पण त्या गाईतला परजीवी जिवंत वाढवून, औषधाच्या वेगवेगळ्या मात्रांत तो टिकतो की मरतो हे पाहिले, तरच त्या बाईंच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळते.

थायलेरिया वाढवणे इतर परजीवींच्या मानाने सोपे आहे आणि त्याचे कारण थक्क करणारे आहे. हा परजीवी गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरला की ती पेशी कर्करोगाच्या पेशीसारखी अखंड विभागू लागते आणि प्रत्येक विभाजनात परजीवीही दोन्ही नव्या पेशींत वाटला जातो. त्यामुळे बाधित गाईच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या पेशी पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअस तापमानात आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवल्या, तर त्या स्वतःहूनच वाढत राहतात. गुलाबी द्रव पिवळट झाला की पेशी भरल्या असे समजून त्यांतल्या थोड्या नव्या द्रवात घालायच्या, हाच तिथला नित्यक्रम असतो. १९४५ मध्ये त्या वेळच्या पॅलेस्टाइनमध्ये हे प्रथम साधले आणि पुढे असे लक्षात आले की दीर्घकाळ अशा रीतीने वाढवलेल्या परजीवीची रोग निर्माण करण्याची ताकद ओसरते, तरी जनावरात प्रतिकारशक्ती मात्र तो जागवतो. आपल्या देशातील थायलेरियाची लस याच तत्त्वावर तयार होते.

गोचिडांमधूनच पसरणाऱ्या लाल लघवीच्या रोगाचा, म्हणजे बबेसियाचा, परजीवी तांबड्या पेशीत राहतो आणि त्या पेशीला तो वाढवत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी निरोगी गाईच्या ताज्या तांबड्या पेशी आणि रक्तद्रव वारंवार पुरवावा लागतो. १९८० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लेव्ही आणि रिस्टिक यांनी तांबड्या पेशी न हलवता तळाशी बसू दिल्या आणि वरच्या द्रवाची खोली नेमकी राखून त्या थराला प्राणवायू कमी मिळेल अशी व्यवस्था केली, तेव्हा बबेसिया बोव्हिस अखंड वाढू लागला. ऑस्ट्रेलियात अनेक दशके बबेसियाची लस प्लीहा काढलेल्या वासरांच्या रक्तातून तयार होत आली आहे. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतील पोषक द्रवात, वाढवलेला परजीवी वापरला तर तेवढी वासरे वाचतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

थायलेरियाची लस जिवंत पेशींची असल्याने ती द्रव नायट्रोजनमध्येच टिकते आणि बाहेर काढल्यावर लगेच टोचावी लागते. हे गावात कसे जमणार, अशी शंका मी अनेकदा ऐकली आहे. परंतु कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या नायट्रोजनच्या कंटेनरमधून मोटारसायकलवर वाडीवस्तीपर्यंत जातात, ते कंटेनर आणि ते भरण्याची साखळी आपल्याकडे आधीपासूनच आहे. तिच्यात लसीसाठी जागा ठेवणे हे नियोजनाचे काम आहे. मात्र ही लस सगळ्या गोचीड तापांवर चालत नाही, हेही पशुपालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. केरळमध्ये गाईंना ग्रासणारा थायलेरिया ओरिएंटॅलिस वेगळा आहे आणि तो पेशींना असा अमर करत नसल्याने त्याचे कल्चरही या रीतीने होत नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी निदान एका ठिकाणी उपचाराला दाद न देणाऱ्या रुग्णांचे नमुने नियमितपणे स्वीकारून त्यांतील थायलेरिया वाढवला जावा, त्यावर औषधाची चाचणी व्हावी आणि तिचा निकाल नमुना पाठवणाऱ्या पशुवैद्यकाला लेखी कळवला जावा. एखाद्या संशोधन प्रकल्पाची मुदत संपली की बंद पडणारे हे काम असू नये, कारण अशा पेशी एकदा मेल्या की तोच परजीवी पुन्हा मिळत नाही. यासाठी लागणारा रक्तनमुना दहा मिलिलिटरचा असतो आणि तो न गोठवता, थंड ठेवून, शक्यतो दुसऱ्या दिवशीपर्यंत पोहोचवावा लागतो. फलटणहून सायंकाळच्या एसटीने पाठवलेले पार्सल रात्रीच पुण्यात उतरते. सकाळी ते कोणी उघडायचे, एवढे ठरवून द्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक, फलटण