कांस्यपदकाआधीचा युझुरू

महोदय,

जपानी फिगर स्केटर युझुरू हान्यूचं नाव निघालं की २०१४ आणि २०१८च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचंच कौतुक होतं. मला मात्र त्याची त्याआधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात.

सेंदाई शहरातला हा दमेकरी मुलगा मोठ्या बहिणीच्या मागोमाग चौथ्या वर्षी बर्फावर उतरला. तो जेमतेम दहा वर्षांचा असताना पैशांअभावी त्याची रिंक, म्हणजे सरावाचं बर्फाचं मैदान, बंद पडली. २००७मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि त्यासाठी आवाज उठवला होता त्याच शहरात घडलेल्या ऑलिंपिक विजेत्या शिझुका अराकावाने. थोरल्या खेळाडूने धाकट्यांसाठी असं उभं राहणं हे मला पदकाइतकंच मोठं वाटतं. २०१०मध्ये युझुरू ज्युनिअर जगज्जेता झाला.

मग आला ११ मार्च २०११. जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपाच्या वेळी तो सरावच करत होता. पायातले स्केट्स काढायलाही उसंत न मिळता तो बाहेर पळाला. पुढचे काही दिवस कुटुंबासह निवारा केंद्रात काढले. रिंक पुन्हा बंद. तेव्हा या पोराने गावोगावच्या आइस शोमध्ये भाग घेतला आणि तिथल्याच बर्फावर सराव केला! वर्षभराने नीसच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या फेरीनंतर तो सातवा होता. दुसऱ्या फेरीत मध्येच पडला, उठला आणि लगेच ट्रिपल अ‍ॅक्सल, म्हणजे हवेत साडेतीन गिरक्या घेणारी अवघड उडी, मारली. सतराव्या वर्षी कांस्यपदक!

क्रीडा पानावर निकालांसोबत खेळाडूंची अशी घडणही सविस्तर छापावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक