वसतिगृहाच्या वायफायची पाचवी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : काल रात्री परस्पर बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

मुलींच्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर रात्री 8 नंतर तुमचं वायफाय जोडलं जातं, पण चालत नाही. चारही कांड्या भरलेल्या दिसतात आणि लॉगिनचं पान उघडतच नाही. डिसेंबरपासून हे रोजचं आहे. चार वेळा तक्रार नोंदवली आणि चारही वेळा कुणी न येता ती बंद झाली. पाचवीचं काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण कालचा फोन मी विसरू शकत नाही.

रात्री 10 वाजून 40 मिनिटांनी तुमच्या हेल्पलाइनवर माणूस मिळाला. मी सांगितलं, लॅपटॉपला 169.254 ने सुरू होणारा पत्ता येतोय, म्हणजे तुमच्या सर्व्हरकडून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा खरा पत्ता, मिळतच नाहीये.

"मॅडम, आमच्याकडे तुमचा सिग्नल फुल दाखवतोय."

सिग्नल फुल आहेच, तक्रार सिग्नलची नाही, असं मी म्हणाले. त्यावर, "लॅपटॉप रीस्टार्ट करा." तीनदा केलाय म्हटलं. "परत एकदा करा, मी लाइनवर आहे." केला. तोच पत्ता. मग त्यांनी विचारलं, "बिल्डिंगमध्ये कुठेच येत नाही का?" मी खरं ते सांगितलं, की तळमजल्यावर वॉर्डनच्या ऑफिसबाहेर जिन्यात येतं. "मग तिथे जाऊन बघा ना."

मी उघडा लॅपटॉप एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून तीन मजले उतरले. जिन्यात आधीच सात मुली बसलेल्या होत्या, एकेका पायरीवर एकेक, मांडीवर लॅपटॉप, कडेला कासवछाप जळत असलेली. मी शेवटच्या पायरीवर बसले. जोडलं गेलं.

"आलं का मॅडम?"

"आलं. पण माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे."

"मॅडम, तुम्हाला नेट हवं होतं ना? मिळालं ना? मग कंप्लेंट क्लोज करतो."

मी नको नको म्हणत असतानाच मेसेज आला : आपली तक्रार आपल्या समाधानानुसार निकाली काढण्यात आली आहे. कुणाच्या समाधानानुसार? मी सत्राला 1,200 रुपये नेटवर्क शुल्क भरते. ते जिन्यात बसण्यासाठी भरलेलं नाही.

आता बिघाड कुठे आहे ते सांगते. मी वनस्पतिशास्त्राची संशोधक आहे, नेटवर्क हा माझा विषय नाही. संगणक विभागातल्या एका मैत्रिणीने शेजारी बसून मला हे दाखवलं. तिन्ही मजल्यांना मिळून तुम्ही 24 चा एकच सबनेट, म्हणजे पत्त्यांचा एकच गट, दिला आहे. त्यात 254 पत्ते, त्यातला एक तुमच्याच राउटरचा. वसतिगृहात आम्ही 180 जणी आहोत आणि प्रत्येकीला दोन उपकरणांची परवानगी तुम्हीच दिली आहे. म्हणजे 360. शिवाय एकदा दिलेला पत्ता तुमचा सर्व्हर 24 तास अडवून ठेवतो, ती मुलगी गावाला गेली तरी. संध्याकाळपर्यंत पत्ते संपतात आणि उशिरा जोडणारीच्या वाट्याला काही उरत नाही. वॉर्डनच्या ऑफिसचा सबनेट वेगळा आहे, म्हणून जिन्यात चालतं. मग लॅपटॉप रीस्टार्ट करून पत्ते कुठून येणार? 24 चा 23 करा, आकडा लहान पण गट मोठा, 510 पत्ते होतील. मुदत 24 तासांवरून दोन तासांवर आणा. यासाठी नवीन वायर ओढायची नाही की भिंत फोडायची नाही. एका वनस्पतिशास्त्रवालीला जे अर्ध्या तासात कळलं, ते तुमच्या माणसांना तीन महिन्यांत का कळू नये?

मोबाइल डेटा वापरा, असंही मला सांगण्यात आलं. इमारत जुनी, दगडी आहे. आत रेंज येत नाही. आणि जर्नल विद्यापीठाच्या नेटवर्कवरूनच उघडतात. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेखाली सुमारे 13,000 जर्नल सरकारी संस्थांना खुली झाली. इतकी वर्षं आम्ही एकेका पेपरसाठी लोकांना मेल करत होतो. आता तो पेपर समोर आहे आणि तुमच्यामुळे तो मला जिन्यात बसून वाचावा लागतो. माझ्या खोलीतल्या मुलीने नोकरीची ऑनलाइन मुलाखत त्याच जिन्यात दिली. वर-खाली करणाऱ्या मुली कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून दोघीजणी ओढणी धरून तिच्यामागे उभ्या होत्या. ती मुलाखत अर्ध्यात तुटली नाही, एवढंच.

याच कंपनीचा एक टेक्निशियन माझ्या पहिल्या वर्षी आला होता. शिडीवर चढून त्याने तिसऱ्या मजल्याचा अ‍ॅक्सेस पॉइंट बदलला, मग प्रत्येक खोलीच्या दारात उभा राहून विचारलं, "ताई, आलं का?" त्याच्यामुळे मी लोकांना तुमचं नाव चांगलं म्हणून सांगत होते. ते आता सांगवत नाही.

"तुम्ही आमचे कस्टमर नाही, युनिव्हर्सिटी आहे," हेही मागच्या फोनवर ऐकलं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 वाचा. पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा वापरणाराही त्यात ग्राहकच आहे.

सात दिवसांत सबनेट वाढवा आणि तक्रार माझ्या खोलीत नेट चालल्यावरच, माझ्या होकारानंतर बंद करा. नाहीतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि बाजू मला स्वतःला मांडता येते. पाचही तक्रारींचे क्रमांक आणि कालचा मेसेज सोबत जोडला आहे. जिन्यातल्या सातही जणींनी सह्या केल्या आहेत.

आणि पुन्हा सांगते, जिना म्हणजे माझी खोली नाही.

संशोधक विद्यार्थिनी,
मुलींचे वसतिगृह, तिसरा मजला